कंबर-पायाची कळ: पूर्ण बरं होणार का आणि कधी, हे आधी सांगता येतं का?

निर्गुडी

नमस्कार मंडळी.

मी सांगली जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट आहे. कंबर धरलेले पेशंट रोजचेच, पण त्यातल्या बऱ्याच जणांची कळ कमरेत थांबत नाही. कुल्ल्यातून, मांडीच्या मागून ती पोटरीत उतरते, कधी थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते. सायटिका, नस दबलीय, गादी सरकलीय, मणक्यात गॅप आलाय, जो तो आपण ऐकलेलं नाव सांगतो. त्यानंतरचा प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच असतो: पूर्ण बरं होईल ना? आणि कधी?

कुणाच्या उसाला तोड आलेली असते, कुणाच्या मुलीचं लग्न तोंडावर असतं, कुणाची नोकरी अजून पक्की झालेली नसते. म्हणून हा प्रश्न मला उपचारांइतकाच महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे त्याचं उत्तर शोधायला सगळेच एमआरआयची फिल्म पाकिटातून काढून उजेडाकडे धरतात. मला पोटतिडकीने सांगायचंय ते एवढंच, की पुढच्या वर्षभरात तुमचं काय होणार हे त्या फिल्मवर फारसं लिहिलेलं नसतं. तो अंदाज दुसऱ्याच गोष्टींवरून बांधावा लागतो, आणि त्या गोष्टी पेशंटशी निवांत बोलल्याशिवाय कळत नाहीत.

आधी फिल्मचं बघू. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३११० माणसांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गादीत झीज होती, पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या. गादी फुगलेली होती विशीत ३० टक्के आणि पन्नाशीत ६० टक्के लोकांची. म्हणजे पन्नाशीच्या धडधाकट माणसाला उगाच मशीनमध्ये झोपवलं, तरी रिपोर्टमध्ये काहीतरी निघण्याचीच शक्यता जास्त.

तुम्ही म्हणाल, हे झालं न दुखणाऱ्यांचं. ज्याच्या पायात कळ जातेय त्याची फिल्म तरी काही सांगत असेल. नेदरलँड्समध्ये नेमकं हेच तपासलं. सायटिकाच्या पेशंटांचा वर्षभराने पुन्हा एमआरआय काढला. निष्कर्ष २०१३ साली छापून आले. जे चांगले बरे झाले होते, त्यांच्यातल्या ३५ टक्के जणांची गादी अजून सरकलेली दिसत होती. ज्यांना बरं वाटत नव्हतं, त्यांच्यात हेच प्रमाण ३३ टक्के. नुसत्या फिल्म समोर ठेवल्या असत्या, तर कोण बरा झाला आणि कोण नाही हे कुणालाच ओळखता आलं नसतं.

आणखी एक गोष्ट ऐकून पेशंट चकित होतात. रिपोर्टमध्ये 'एक्स्ट्रूजन' किंवा 'सिक्वेस्ट्रेशन' असं लिहिलं असेल, म्हणजे गादीतला गर फाटून बाहेर आला असेल किंवा तुकडा सुटून पडला असेल, तर घरात रडारड होते. पण हेच तुकडे आपोआप आटण्याची शक्यता साध्या फुगवट्यापेक्षा कितीतरी जास्त असते. एका आढाव्यात सुटलेले तुकडे ९६ टक्के पेशंटांत आक्रसले होते, बाहेर आलेला गर ७० टक्के जणांत, आणि नुसता फुगवटा फक्त १३ टक्के जणांत. बाहेर पडलेला तुकडा शरीराला परका वाटतो. तिथे नव्या रक्तवाहिन्या येतात, पेशी त्याला खाऊन टाकतात. फुगलेली गादी आपल्या वेष्टनातच असते, त्यामुळे तिच्या वाट्याला हे फारसं येत नाही.

मग अंदाज बांधायचा कशावरून? इंग्लंडमधल्या कील विद्यापीठाने फॅमिली डॉक्टरकडे कंबर-पायाची कळ घेऊन आलेल्या ६०९ लोकांचा वर्षभर पाठपुरावा केला. वर्षअखेर ५५ टक्के लोकांच्या रोजच्या हालचालीत चांगली सुधारणा होती. जे मागे राहिले त्यांच्यात तीन गोष्टी ठळक दिसल्या. पायातली कळ सुरू होऊन आधीच बराच काळ गेलेला होता. थकवा, झोप न लागणं, अंग ताठरणं अशी पुष्कळ लक्षणं ते याच दुखण्याच्या खात्यावर मांडत होते. आणि 'हे काही लवकर जाणारं नाही' असं त्यांना सुरुवातीलाच वाटत होतं.

मी स्वतः जे करते ते फार साधं आहे. माणसाच्या पाठमोऱ्या आकृतीचा कागद आणि पेन पेशंटच्या हातात देते, आणि आज कळ जिथपर्यंत जाते तिथपर्यंत रंगवायला सांगते. पुढच्या खेपेला नवा कागद. पोटरीतली शाई मांडीवर आली, मांडीवरची कुल्ल्यावर आली, तर कंबर आधीपेक्षा जास्त ठणकत असली तरी मला बरं वाटतं. कळ पायातून वर सरकत कमरेकडे गोळा होणं ही चांगली खूण, असं न्यूझीलंडचे फिजिओ रॉबिन मॅकेंझी यांनी १९५०च्या दशकापासून मांडलं आणि पुढच्या अभ्यासांतही ते बऱ्यापैकी टिकलं. गंमत अशी, की पेशंट नेमके याच वेळी घाबरतात. "मॅडम, पाय बरा आहे पण कंबर वाढली," म्हणत व्यायाम सोडून देतात.

तुमचे अनुभव आणि शंका लिहा. इथे डॉक्टर मंडळीही आहेत, त्यांनी भर घालावी ही विनंती.

घाटवाट

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. वय ४१, पुण्यात आयटीत, सुट्टीला सह्याद्रीत भटकंती. दिवाळीच्या आसपास डाव्या पायात कळ सुरू झाली. रिपोर्ट म्हणतो एल४-एल५ ला डिफ्यूज बल्ज, थेकल सॅकवर दाब, डावीकडे नर्व्ह रूट कॉम्प्रेशन, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी फुगलीय आणि डावीकडची नस दबलीय. एका ठिकाणी सांगितलं की आता आयुष्यभर वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, पाठीवर सॅक घ्यायची नाही, ट्रेक विसरा.

दुखणं खरं तर आधीपेक्षा कमी आहे. पण त्या दिवसापासून मी चप्पलसुद्धा वाकून उचलत नाही, बायको उचलून देते. कमरेला पट्टा दिवसभर असतो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मणक्याचे व्हिडिओ बघत बसतो. माझं पुढे काय होणार?

निर्गुडी

@घाटवाट, तुमचा पाय न तपासता मी छातीठोक काही सांगणार नाही. पण दुखणं कमी होतंय हे तुम्हीच लिहिलंत. पहिल्या काही आठवड्यांत कळ कोणत्या दिशेने चाललीय, हा मला सगळ्यात उपयोगी पुरावा वाटतो.

काळजी वाटते ती चपलेची. दुखणं ओसरतंय आणि जगणं मात्र आक्रसत चाललंय. वाकलो तर काहीतरी तुटेल या भीतीने माणूस वाकणं सोडतो, न वाकल्याने पाठ ताठरते, मग कधी वाकलाच तर दुखतं आणि भीती खरी ठरते. हे चक्र संशोधकांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच मांडून ठेवलंय. दुखणं लांबणाऱ्या लोकांत ही भीती, हताशा आणि उडालेली झोप पुन्हा पुन्हा दिसते.

गादी इतकी नाजूक नसते. तीव्र कळीच्या दिवसांत वाकणं जपून करावं, हे बरोबरच आहे. 'आयुष्यभर वाकायचं नाही' याला मात्र काही आधार नाही. जवळच्या चांगल्या फिजिओकडे जा आणि वाकण्याची सुरुवात त्यांच्यासमोर करा. पट्टा घालायचाच तर लांबच्या प्रवासापुरता. आणि ते व्हिडिओ आज रात्रीपासून बंद. झोप हाही उपचारच आहे.

शल्यक

मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे. निर्गुडीताईंच्या बऱ्याचशा मुद्द्यांना +१, पण काही गोष्टी ठासून सांगायला हव्यात, नाहीतर वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी नको तेव्हा घरी बसून राहील.

फिल्म भविष्य सांगत नाही हे मान्य. पण ऑपरेशन किंवा इंजेक्शनचा विचार असेल, तर नेमकी कोणती नस कुठे दबलीय हे फिल्मशिवाय कळत नाही. गाठ, जंतुसंसर्ग, फ्रॅक्चर असे संशय दूर करायलाही ती लागते. फिल्म चुकीच्या प्रश्नासाठी वापरली जाते, एवढंच माझं म्हणणं.

पुढच्या खुणा दिसल्या तर अंदाजबिंदाज काही नाही, त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठं हॉस्पिटल गाठा: लघवी होईनाशी होणं किंवा झालेली न कळणं, शौचावरचा ताबा जाणं, सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर होणं, दोन्ही पायांत एकदम कळ किंवा अशक्तपणा. कमरेतल्या नसांच्या झुपक्यावर दाब आल्याची ही लक्षणं आहेत. इथे उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं. पाऊल लुळं पडत चाललं असेल तरी वाट पाहू नका. घरी तपासायचं तर टेबलाचा आधार घेऊन टाचांवर चार पावलं चाला, मग चवड्यांवर. एका बाजूचं पाऊल उचललं जात नसेल किंवा टाच वर येत नसेल, तर लगेच दाखवा. ताप, विनाकारण घटलेलं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, पडल्या-झडल्यानंतरचं दुखणं, यातलं काही असेल तर तेही आधीच सांगा.

आता ऑपरेशनचं. २००७ साली नेदरलँड्समधला एक अभ्यास आला. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेले २८३ पेशंट घेतले. चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून निम्म्यांचं ऑपरेशन लवकर करायचं ठरवलं, निम्म्यांना औषध-व्यायामावर ठेवलं. लवकर ऑपरेशनवाल्यांना साधारण चार आठवड्यांत बरं वाटलं, थांबलेल्यांना बाराच्या आसपास लागले. वर्षअखेर मात्र दोन्हीकडे ९५ टक्के लोक बरे झाल्याचं सांगत होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना कळ सोसेना म्हणून वर्षाच्या आत ऑपरेशन करून घ्यावं लागलं, हेही लक्षात घ्या. ऑपरेशनमुळे आराम लवकर पडतो. वर्षानंतरचं चित्र त्याने फारसं बदललं नाही.

पण अनंतकाळ थांबणंही बरोबर नाही. कॅनडातला २०२० सालचा अभ्यास चार ते बारा महिने कळ सोसणाऱ्या १२८ लोकांवर होता. सहा महिन्यांनी पायातलं दुखणं दहापैकी ऑपरेशनवाल्यांत सरासरी २.८ होतं, बाकीच्यांत ५.२. म्हणून मी पेशंटला पहिल्याच भेटीत कॅलेंडरवर खूण करायला लावतो. सहा आठवड्यांनी परत बघायचं. तीन-चार महिन्यांत पायातली कळ हटत नसेल आणि फिल्म, तपासणी, लक्षणं तिन्ही एकाच नसेकडे बोट दाखवत असतील, तर ऑपरेशनबद्दल मोकळेपणाने बोलायचं. नुसती कंबर दुखत असेल तर मात्र या ऑपरेशनचा फायदा जेमतेमच असतो.

रानजाई

धागा वाचून थोडा रागही आलाय, तो लिहितेच.

माझे मिस्टर स्वतःचा टेम्पो चालवतात. भाजीपाला मार्केटला न्यायचा, माल भरायचा-उतरवायचा सगळं एकट्याने. चार महिने झाले डाव्या पायात कळ आहे. क्लच दाबताना डोळ्यांत पाणी येतं. टेम्पोचा हप्ता थांबत नाही. कुणी विचारलं की ते म्हणतात, हे काही आता जात नाही. मग तुमच्या अभ्यासाप्रमाणे त्यांना बरं वाटत नाही ते त्यांच्या मनामुळे का? एका डॉक्टरांनी आम्हाला 'पॉझिटिव्ह राहा' सांगून वाटेला लावलं होतं. ज्याला दुखतं त्यालाच कळतं.

निर्गुडी

रानजाई, तुमचा राग अगदी रास्त आहे. बरं झालं लिहिलंत.

नाही, त्यांच्या मनामुळे नाही. 'लवकर जाणार नाही' असं ज्यांना वाटतं त्यांचं दुखणं लांबताना दिसतं, हे खरंय. बरेच अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९च्या आढाव्यातही कंबरदुखीत पेशंटची स्वतःची अपेक्षा आणि पुढे कामावर परतणं यांचा संबंध दिसला. पण त्याचा अर्थ विचारांनी दुखणं तयार केलं असा होत नाही. माणूस असं म्हणतो तेव्हा त्याला पुष्कळ काही माहीत असतं, जे आमच्या केसपेपरवर येत नाही. उद्या पहाटे क्रेट उचलायचे आहेत, मदतीला माणूस नाही, सुट्टी घेतली तर हप्ता थकतो. तुमचे मिस्टर जे बोलतात ते त्यांच्या परिस्थितीचं अचूक वर्णन असू शकतं. अशा माणसाला 'पॉझिटिव्ह राहा' सांगणं म्हणजे त्याची अडचण न ऐकताच त्याला परत पाठवणं.

म्हणून मी दुसराच प्रश्न विचारते: "तुम्हाला काय वाटतं, हे लांबेल असं का वाटतं?" उत्तरात कधी शेजाऱ्याचं बिघडलेलं ऑपरेशन निघतं, कधी रिपोर्टमधला एखादा शब्द, कधी हप्ता. भीती असेल तर समजावता येते. हप्ता असेल तर कामाची मांडणी बदलावी लागते, आणि तेही उपचारातच धरायला हवं.

आणि चार महिने पायात कळ, तीही कामाच्या पायात. शल्यक डॉक्टरांनी वर जी मुदत सांगितली त्यात ते आलेत. पाय नीट तपासून घेतलाय का? टाच उचलता येते का?

संख्यारेषा

मी संख्याशास्त्रातला, वैद्यकातला नाही. पण दोन आकडे शेजारी ठेवले की गोंधळ होईल, म्हणून लिहितो. निर्गुडी म्हणतात वर्षभरात ५५ टक्के, शल्यक म्हणतात ९५ टक्के. दोन्ही बरोबर असू शकतात.

कीलच्या अभ्यासात फॅमिली डॉक्टरकडे आलेले सगळेच होते. कुणाची कळ नवी, कुणाची जुनी, कुणाची नस दबलेली, कुणाची नाही. तिथे सुधारणा मोजली ती रोजच्या हालचालींच्या प्रश्नावलीतले गुण किमान ३० टक्क्यांनी उतरले का यावर. डच अभ्यासात निवडक लोक होते: गादी सरकलेली पक्की माहीत, कळ तीव्र पण फार जुनी नाही. शिवाय 'तुम्हाला कितपत बरं वाटतं' हे त्यांनाच विचारलं होतं. त्याच डच पेशंटांना पाच वर्षांनी गाठलं, तेव्हा साधारण पाचातल्या एकाचा निकाल समाधानकारक नव्हता. म्हणजे 'बरं झालो'ची व्याख्या कोणती, कुणाला विचारलं आणि कधी विचारलं, यावर आकडा हलतो. कुणी तुम्हाला नुसता टक्का फेकला तर आधी हे तीन प्रश्न विचारा.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गटाबद्दलचा अंदाज एका माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही. जिल्ह्यात पाऊस पडणार हे हवामान खातं सांगू शकतं, तुमच्या वावरात पडेल का हे नाही. कीलच्याच लोकांनी कंबरदुखीसाठी नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली केली, 'स्टार्ट बॅक' नावाची. धोका कमी, मध्यम की जास्त हे बघायचं आणि त्याप्रमाणे उपचार वाटायचे. २०११ साली ८५१ पेशंटांवर ती उपयोगी ठरली आणि गाजली. मग तशीच विभागणी सायटिकासाठी करून पाहिली, ४७६ जणांवर. २०२० साली निकाल आला: विभागणी करून उपचार दिलेल्यांना आराम पडायला मध्यक १० आठवडे लागले (म्हणजे निम्म्यांना त्याच्या आत, निम्म्यांना नंतर), नेहमीच्या उपचारांत १२. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान आहे. प्रश्नावली टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. कुणाशी जास्त वेळ बोलायला हवं हे ती सांगते. पण तिच्यावर विसंबून एखाद्याला 'तू बरा होणार नाहीस' असं सांगणं अन्यायाचं होईल.

डेल्फ्टवासी

नेदरलँड्सचा इतका उल्लेख होतोय म्हणून इथला अनुभव. मला गेल्या हिवाळ्यात उजव्या पायात कळ आली. इथे आधी फॅमिली डॉक्टरकडेच जावं लागतं. तिने टाचांवर चालवलं, पाय सरळ उचलून पाहिला, गुडघ्यावर आणि घोट्यावर हातोडी मारली, लघवीचं विचारलं आणि म्हणाली, आत्ता स्कॅन नको. काही आठवडे बघू, जमेल तसं चालत राहा, पाऊल ओढलं जायला लागलं तर लगेच फोन कर. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती हादरलीच. तिच्या मते मी निदान महिनाभर फळीवर झोपायला हवं होतं.

त्या निमित्ताने शोधलं तर कळलं की सायटिकात झोपून राहण्याचा फायदा होतो का, हेही याच देशात तपासलंय. १९९९ सालचा अभ्यास, १८३ पेशंट. अर्ध्यांना दोन आठवडे अंथरुणात, अर्ध्यांना जमेल तसं हिंडा-फिरा. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे ८७ टक्के लोकांना बरं वाटत होतं. आईला हा आकडा सांगितल्यावर ती म्हणाली, मग निदान शेक तरी घे. तो घेतला. बरं वाटायचं.

गोदाकाठ

वाचनखूण साठवली. सगळेच प्रतिसाद माहितीपूर्ण.

एक शंका: आमच्याकडे प्रत्येकाच्या चिठ्ठीवर प्रीगॅबालिन असतंच. नसेची गोळी म्हणून देतात. त्याने लवकर बरं होतं का?

शल्यक

@गोदाकाठ, मधुमेहातल्या नसांच्या दुखण्यात तिचा उपयोग आहे. सायटिकात मात्र ऑस्ट्रेलियातल्या २०१७ सालच्या अभ्यासात, २०९ पेशंटांत, नकली गोळीपेक्षा तिने जास्त आराम दिला नाही. गरगरणं मात्र वाढलं. पण हे वाचून कुणीही चालू गोळी एकदम बंद करू नका. ती हळूहळू कमी करावी लागते, तीही लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच.

माणदेश

माझ्या आईची तक्रार वेगळी आहे. वय ६८. कांदा काढणीला वाकून दिवसभर बसते तर काही नाही, पण बाजारातून चालत येताना दोन्ही पोटऱ्या भरून येतात, बांधावर टेकली की पाचेक मिनिटांत मोकळ्या. पुढे वाकून, सायकल हातात धरून चालली तर लांबपर्यंत जाते. हेही सायटिकाच का? आणि याचं पुढे काय होतं?

निर्गुडी

@माणदेश, तुम्ही फार बारकाईने पाहिलंय. हे वर्णन मणक्यातली नसांची वाट अरुंद झाल्यासारखं वाटतं. पुढे वाकलं की ती वाट थोडी रुंद होते, म्हणून बसल्यावर, सायकल धरल्यावर बरं वाटतं. पण पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या भरून येतात, म्हणून डॉक्टरांना पावलांच्या नाड्या तपासायला सांगा.

याची चाल सायटिकापेक्षा वेगळी असते. सरकलेल्या गादीसारखं हे आटून जात नाही. पण झपाट्याने बिघडतं असंही नाही; बऱ्याच जणांचं वर्षानुवर्षं साधारण तसंच राहतं, थोडं कमी-जास्त होत. आई किती अंतर न थांबता चालते तेवढं बघत राहा. ते घटत चाललं, किंवा पायातली ताकद कमी झाली, तर सर्जनना दाखवा. तोवर मध्ये मध्ये बसत चालणं आणि घरात व्यायामाची सायकल असेल तर ती, दोन्ही चांगलं.

घाटवाट

ताई, फिजिओकडे जाऊन आलो. त्यांनी पाय तपासला, ताकद पूर्ण आहे म्हणाले. त्यांच्यासमोर वाकून जमिनीवरची किल्ली उचलली. ओढ बसली, कळ गेली नाही. पट्टा काढलाय. पण मनात एक धाकधूक आहेच: बरा झालो तरी परत येणार का? आणि ट्रेक?

निर्गुडी

वा! किल्ली उचललीत हे वाचून खूप आनंद झाला.

परत येऊ शकतं, हे खरंच सांगते. कंबरदुखी पुन्हा डोकावते, अनेकांची. परत आली म्हणजे पहिल्यापासून सुरुवात, असं मात्र नाही. बहुतेकदा ती उबळ आधीपेक्षा लवकर ओसरते. ती परत येणं लांबणीवर टाकायला सगळ्यात स्वस्त उपाय चालणं. ऑस्ट्रेलियात नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ लोकांवर अभ्यास झाला, २०२४ साली छापून आला. फिजिओच्या मार्गदर्शनाने हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास चालण्यापर्यंत जायचं. ज्यांनी हे केलं त्यांची कंबर पुन्हा धरायला मध्यक २०८ दिवस लागले, न करणाऱ्यांची ११२ दिवसांत धरली. हा अभ्यास नुसत्या कंबरदुखीचा होता, पायात जाणाऱ्या कळीसाठी तो तसाच्या तसा लावता येणार नाही. तरी चालण्याने तुमचं वाईट होणार नाही.

ट्रेकचं म्हणाल तर आधी पर्वती, रिकाम्या पाठीने. उतरताना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काय म्हणतो ते बघा. मग पाण्याची बाटली घातलेली सॅक, मग थोडं वजन. जानेवारीत हरिश्चंद्रगड असं काही आत्ताच ठरवू नका.

रानजाई

मिस्टरांना काल तपासून आणलं. ताई, तुम्ही विचारलं होतं तेच निघालं. डाव्या पायावर एकट्याने उभं राहून टाच उचलता येत नाही, उजवीची येते. घोट्यावर हातोडी मारली तर डावीकडे पाऊल हललंच नाही. डॉक्टरांनी सर्जनकडे चिठ्ठी दिलीय, गुरुवारची वेळ आहे. ती नसेची गोळीही रात्रीची चालू आहे. तोवर टेम्पो चालवू का, असं ते विचारतायत. बुधवारी मोठी भाडी आहेत.

शल्यक

रानजाई, नाही. क्लच डाव्या पायाने दाबायचा असतो आणि टाच उचलण्याची ताकदच कमी झालीय. ऐन वेळी पाय घसरला किंवा कळीने आखडला तर गाडी हातात राहणार नाही. त्यात त्या गोळीने झोप येते. बुधवारी दुसऱ्या चालकाला रोजावर घ्या. मिस्टरांना सोबत जायचंच असेल तर शेजारी बसून जाऊ द्या, पण क्रेट उचलायचे नाहीत, आणि वाटेत दोनदा उतरून पाय मोकळे करायचे.

गुरुवारपर्यंत रोज सकाळी भिंतीला हात टेकून टाच उचलून बघायला सांगा. आजच्यापेक्षा कमी उचलली जात असेल, किंवा वर लिहिलेली लघवीची, बधिरपणाची लक्षणं दिसली, तर गुरुवारची वाट न बघता त्याच दिवशी घेऊन जा.

सर्जनना भेटाल तेव्हा तीन गोष्टी आधीच सांगा: कळ कोणत्या महिन्यात सुरू झाली, टाच कधीपासून उचलत नाही, आणि कामात वजन किती उचलावं लागतं. कामाचं ते बहुधा स्वतःहून विचारणार नाहीत. ऑपरेशन ठरलं तर गाडी कधी चालवायची आणि माल कधी उचलायचा, या दोन तारखा वेगवेगळ्या विचारून लिहून घ्या. हप्त्याचं बोलणं बँकेशी त्यावरूनच करता येईल.